लेकरांनी खेळ खेळावा, की खेळ बनवावा?

(शाळकरी मुलांसाठी संगणकावरील खेळ बनविण्याची स्पर्धा कशी भरवावी, याविषयी थोडेसे)



गेल्या हंगामात एके दिवशी संध्याकाळी वजनकाट्यासमोर उसाच्या ट्रॉल्यांची लांब रांग लागली होती. नंबर यायला बराच वेळ होता. चहाच्या टपरीवर एक वयस्कर सभासद भेटले. बोलता बोलता मी म्हणालो, "तात्या, आपल्या कार्यक्षेत्रातल्या शाळकरी मुलांसाठी संगणकावर गेम बनवायची स्पर्धा घ्यावी, असं मनात आहे."

तात्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मास्तर, आमचं लेकरू आधीच दिवसभर त्या मोबाईलमधी डोकं घालून बसतंय. जेवायला हाक मारली तर ओ देत नाही. आन् तुम्ही म्हणता त्याला गेम बनवायला शिकवा! हे म्हणजे पिणाऱ्याला भट्टीच टाकून दिल्यासारखं झालं की!"

टपरीवर हशा पिकला. पण तात्यांचा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुष्कळ पालकांच्या मनातला तोच सवाल आहे. त्याचे उत्तर द्यावे आणि अशी स्पर्धा नेमकी कशी घ्यावी हेही सांगावे, म्हणून हा लेखप्रपंच.

खेळणं वेगळं, बनवणं वेगळं

तात्यांची भीती खरी आहे. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या खेळांनी घरेच्या घरे अडचणीत आली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदा करून अशा खेळांवर बंदी घालावी लागली. ज्या खेळांत पैसा लागत नाही, तेही साधेसुधे नसतात. मुलाला कधी जिंकवायचे, कधी थोडक्यात हरवायचे, म्हणजे ते पुन्हा बोट लावील, हे कुठेतरी बसून कोणीतरी आधीच ठरवलेले असते. खेळणाऱ्या लेकराला ते दिसत नाही. त्याला वाटते, आपण खेळतोय. खरे तर खेळच त्याला खेळवीत असतो.

ज्या मुलाने स्वतः एक लहानसा खेळ बनवला, त्याला ही आतली गोम कळते. साखर खाणारा आणि पॅनवर उभा राहून साखर तयार करणारा पॅनमन यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. खाणाऱ्याला गोडी कळते, पॅनमनला पाक कधी बसतो ते कळते.

खेळ बनवणे हे हलके काम आहे, असे आपल्या पूर्वजांनीही मानले नाही. सापशिडीचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. तो संत ज्ञानेश्वरांनी रचला, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांचे आपेगाव आपल्या शेजारच्या पैठण तालुक्यात, गोदावरीच्या काठीच आहे. सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप, एवढ्या दोन गोष्टींतून लेकरांना कितीतरी सांगून जाणारा तो खेळ होता. तेव्हा खेळ कोणत्या हेतूने बनवला, यावर सगळे आहे.

प्रोग्रॅम म्हणजे आपली क्रमपाळीच

संगणकाचा प्रोग्रॅम म्हटले की आपल्याला वाटते, हे इंग्रजी शिकलेल्यांचे काम. पण शेतकी खाते दर हंगामाला तोडणीचा प्रोग्रॅम लावते, तो आपण सगळे जाणतो. लागणीच्या तारखेप्रमाणे नंबर. आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा. तारीख एकच असेल तर जात कोणती ते बघा. शेतात वाफसा नसेल तर पुढचा नंबर घ्या. ऊस संपेपर्यंत हेच चालू ठेवा.

संगणकाचा प्रोग्रॅमही असाच असतो. एकामागून एक करायच्या आज्ञा, 'जर असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर' अशी अट, आणि 'अमुक होईपर्यंत पुन्हा पुन्हा कर' असा फेरा. एवढ्या तीन गोष्टी आल्या की लहान खेळ बनवता येतो. फरक इतकाच की चिटबॉयला डोके असते, तो चूक सावरून घेतो. संगणकाला डोके नसते. सांगाल तेवढेच आणि तसेच तो करतो.

मुलांना या आज्ञा टाईप करीत बसावे लागू नये, म्हणून अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्क्रॅच' नावाची पद्धत तयार केली. ती २००७ साली सर्वांसाठी खुली झाली. ती मोफत आहे आणि मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात आज्ञा रंगीत ठोकळ्यांच्या रूपात असतात. ठोकळ्याला ठोकळा जोडत जायचे. न बसणारा ठोकळा जोडलाच जात नाही. रेझनिक यांचे गुरू सेमूर पेपर्ट यांनी १९६७ च्या सुमारास सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा केली होती, तिच्यातूनच ही वाट पुढे आली. या मंडळींचा विचार असा, की शिकण्याच्या घराचा उंबरा बुटका असावा आणि छप्पर उंच असावे. लहानग्यालाही आत येता यावे, आणि मोठ्यालाही डोके टेकू नये.

मोळी झेलण्याचा खेळ

उदाहरण घेऊ. पडद्यावर वरून उसाची मोळी पडते. खाली ट्रॉली आहे. बाणाच्या कळा दाबून ट्रॉली डावी-उजवीकडे न्यायची आणि मोळी झेलायची. तीन मोळ्या जमिनीवर पडल्या की खेळ संपला.

स्क्रॅचचा पडदा म्हणजे ४८० रुंद आणि ३६० उंच असे एक वावर समजा. बरोबर मध्यावर शून्य. उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४० पर्यंत. वर १८० आणि खाली उणे १८०. आता मोळीला आज्ञा द्यायची: वरच्या बांधावर कुठेही जा. दर वेळी ५ ने खाली ये. ट्रॉलीला शिवलीस तर 'मोळ्या' या आकड्यात १ मिळव आणि पुन्हा वर जा. जमिनीला लागलीस तर 'सांडल्या' या आकड्यात १ मिळव आणि पुन्हा वर जा. 'सांडल्या' ३ झाल्या की थांब. झाला खेळ! आकड्यांची ही नावे देवनागरीत लिहिता येतात, खेळातली पात्रेही मराठीत बोलू शकतात.

वर्गात उणे संख्या म्हटली की जे पोरगं खाली मान घालतं, त्याला ट्रॉली डावीकडे न्यायची असली की उणे १० आपोआप कळतात.

यात नवशिक्या मुलांची एक चूक हमखास होते. खेळ सुरू होताना 'मोळ्या' हा आकडा शून्यावर आणायचे ते विसरतात. मग दुसऱ्यांदा खेळायला बसले की मागच्या खेळाच्या मोळ्या आधीच जमा दिसतात! मुलं चक्रावतात. त्यांना विचारावे, "काटा शून्यावर आणल्याशिवाय गाडी चढवली तर वजन काय येईल?" लगेच डोक्यात प्रकाश पडतो.

बंधूंनो, या विषयाचे मर्म माझ्या मते इथेच आहे. आज काट्याची पावती संगणकावर, उसाची नोंद संगणकावर, बँकेचे खाते मोबाईलवर, सात-बारासुद्धा पडद्यावर. पडद्यावर आकडा दिसला की आपण हात जोडतो. 'संगणकात तसंच आलंय' म्हटले की बोलणेच खुंटते. पण संगणकात काहीही आपोआप येत नाही. कोणीतरी लिहिलेल्या आज्ञेतून येते, आणि लिहिणारा माणूस चुकू शकतो. ज्या लेकराने स्वतःच्या खेळात ती चूक केली आणि स्वतः दुरुस्त केली, ते उद्या मोठे झाल्यावर कोणत्याही खिडकीवर निमूट परत फिरणार नाही. ते विचारील, "हा आकडा आला कसा?" सहकाराला असा विचारणारा सभासद हवा आहे.

नुसतं यंत्र आणून भागत नाही

साखर कारखाना आणि गावातला संगणक यांची गाठ नवी नाही. १९९८ साली वारणानगर येथे वारणा सहकारी समूहाच्या परिसरातील ७० गावांत संगणक केंद्रे काढण्याची योजना सुरू झाली. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण असे पुष्कळ बेत होते. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्यांचा वापर मुख्यतः ऊस कारखान्याच्या कामासाठी, म्हणजे वजन, पावती अशा माहितीसाठीच केला. पुढे संगणकांची देखभाल जड जाऊ लागली, तेव्हा २००६-०७ च्या सुमारास ७ गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशाद्वारे करून पाहण्यात आले, आणि ते जमले. याचा बोध काय? यंत्र गावात आल्याने माणूस शिकत नाही. त्या यंत्रावर आपले असे काही करायला मिळाले तर शिकतो.

दुसरे उदाहरण रायगड जिल्ह्यातील खैरात या लहान गावचे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा प्रयोग झाला. गंमत म्हणजे त्या लॅपटॉपमधल्या प्रणालीचे नावच 'शुगर' होते! तिच्यात चित्र काढणे, आज्ञा देऊन कासव चालवणे अशी साधने होती. म्हणजे मुलांनी बघत न बसता स्वतः काही घडवावे, हा हेतू. आपल्याकडे पुष्कळ शाळांत संगणक आहेत, पण खोलीला कुलूप असते. लेकरांनी बिघडवले तर भरायचे कोणी, ही धास्ती. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने पूर्व-माध्यमिक वर्गांपासून प्रोग्रॅम लिहिणे शिकवावे असे म्हटले आहे. पण कुलूप धोरणाने उघडत नाही, निमित्ताने उघडते. स्पर्धा हे ते निमित्त.

जगात अशा स्पर्धा कशा होतात

खेळ बनविण्याच्या स्पर्धा आता देशोदेशी होतात. 'लुडम डेअर' ही त्यातली एक जुनी, २००२ साली सुरू झालेली. ऐनवेळी विषय जाहीर करायचा आणि ४८ तासांत एकट्याने खेळ तयार करायचा, असा तिचा मूळ बाक. 'ग्लोबल गेम जॅम' हा मेळा जानेवारी २००९ मध्ये सुरू झाला. त्यात जगभरची मंडळी जानेवारीत आपापल्या गावी एकत्र बसून खेळ बनवतात. त्यात कोणाला पहिला नंबर नाही, बक्षीस नाही. पुरा केलेला खेळ एकमेकांना दाखवणे हेच बक्षीस.

यातले काय घ्यावे आणि काय सोडावे? घड्याळ लावून रात्रभर जागणे आपल्या मुलांच्या कामाचे नाही. ज्याने संगणक कधी हाताळला नाही, त्याला ऐनवेळी विषय दिला तर तो घाबरून घरी जाईल. पण एकच विषय असणे, खेळ लहान असणे आणि शेवटी तो सर्वांना दाखवणे, या तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. नवशिक्यांच्या स्पर्धेत पहिला कोण आला याला महत्त्व कमी. किती मुलांनी आपला खेळ शेवटास नेला, यावर स्पर्धेचे यश मोजावे. ऊस रानात कितीही डोलला तरी गव्हाणीत पडेपर्यंत त्याचा उतारा कळत नाही. अर्धवट खेळाचेही तसेच.

आपल्याकडे कशी घ्यावी

माझी सूचना पुढीलप्रमाणे आहे.

१) कोणासाठी : इयत्ता ६ वी ते ९ वी. दोघांची जोडी. एक हात कळेवर, दुसऱ्याचे डोके कागदावर; दर अर्ध्या तासाने अदलाबदल. आधी संगणक येत असलाच पाहिजे, अशी अट नको. शक्य तेथे प्रत्येक शाळेने जितक्या मुलांच्या तितक्याच मुलींच्या जोड्या द्याव्यात.

२) केव्हा : जानेवारीत. सहामाही परीक्षा झालेली असते, वार्षिक परीक्षा लांब असते. पहिले तीन रविवार तयारीचे आणि २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर प्रदर्शन. हंगाम चालू असल्याने ऊसतोड मजुरांची मुलेही याच काळात कारखाना परिसरात असतात. त्यांच्यासाठी दोन-चार जागा राखून ठेवाव्यात. आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागांतूनही पुष्कळ कुटुंबे तोडीला बाहेर जातात. दुसऱ्याच्या गावी आपल्या लेकराला कोणी असे बोलावले तर आपल्याला कसे वाटेल, याचा विचार करावा.

३) विषय : एकच आणि ओळखीचा. पहिल्या वर्षी 'पाणी' हा विषय ठेवावा. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळलेल्या आपण पाहिल्या आहेत. डाव्या कालव्याचे आवर्तन येईल की नाही, हा प्रश्न घराघरात बोलला जातो. मुले त्यातून ठिबक, शेततळे, घागर, पाळी असे काहीही सुचवतील.

४) पहिला रविवार, संगणक बंद : खेळ आधी कागदावर आखायचा. चिंचोके सोंगट्या, चौकटी आखलेला कागद पट. दुसऱ्या जोडीला खेळायला द्यायचा आणि आपण गप्प बसून बघायचे. त्यांना कळले नाही तर चूक आपल्या नियमांची. याला वीज लागत नाही, पैसा लागत नाही. एसीएम इंडिया या संस्थेचा 'सीएसपाठशाला' हा उपक्रम २०१६ पासून संगणकाशिवायही असा विचार करायला शिकवतो, त्याचा शिक्षकांनी उपयोग करावा.

५) दुसरा रविवार, नमुना खेळ : वर सांगितलेला मोळीचा खेळ सर्वांनी एकत्र बनवायचा. म्हणजे संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकाच्या हाती एक पुरा झालेला खेळ असतो. ही पायरी गाळू नये. रिकाम्या पडद्यासमोर बसवले तर मूल बुजते. तयार खेळात बदल करायला सांगितले तर खुलते.

६) तिसरा रविवार, स्वतःचा खेळ : एक पडदा, एक नियम, जिंकण्या-हरण्याची एक अट. यापेक्षा मोठा खेळ काढू देऊ नये. मुलांना पहिल्याच खेळात दहा पातळ्या, राक्षस आणि गाणी हवी असतात. तिथे शिक्षकाने प्रेमाने कात्री लावावी.

७) साधने : स्क्रॅच एकदा उतरवून घेतले की पेन ड्राइव्हने दुसऱ्या संगणकांवर नेता येते, मग इंटरनेट नसले तरी चालते. फार जुन्या संगणकांवर त्याची १.४ ही जुनी आवृत्ती चालते. लहान मोबाईलवर मात्र हे काम नीट होत नाही. संगणक किंवा टॅब हवा. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी केलेले काम साठवण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी.

परीक्षण कसे करावे

परीक्षकांनी पाच गोष्टी पाहाव्यात. खेळ सुरू होऊन नीट संपतो का? काय करायचे ते न विचारता समजते का? कल्पना स्वतःची आहे का? विषयाशी नाते आहे का? आणि पाचवी सर्वांत महत्त्वाची: मुलांना आपला खेळ समजावून सांगता येतो का?

या पाचव्या कसोटीमुळे नक्कल ओळखता येते. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती प्रोग्रॅम लिहून देते. थोरला भाऊही करून देऊ शकतो. त्यासाठी पोलिसगिरी नको. परीक्षकाने फक्त म्हणावे, "बाळा, मोळी जरा जोरात पाडून दाखव." ज्याने खेळ बनवला, तो ५ च्या जागी १० घालून लगेच दाखवील. ज्याने आणला, तो आज्ञांमध्ये चाचपडत राहील.

बक्षिसाची रक्कम मोठी ठेवू नये. रक्कम मोठी झाली की पालक खेळायला लागतात आणि मुले बाजूला राहतात. खेळ पुरा करणाऱ्या प्रत्येक जोडीला प्रमाणपत्र आणि एक पुस्तक. 'समजायला सर्वांत सोपा', 'सर्वांत हसवणारा', 'आपल्या मातीतला' असे तीन-चार मान. त्यातला एक मान मुलांच्याच मतांनी द्यावा.

सभासदांनी काय करावे

मुली संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी पोचल्या पाहिजेत. म्हणून वेळ सकाळी दहा ते चार ठेवावी, आणि ज्या गावची गाडी येणार असेल तिने वाटेतल्या वस्तीवरची मुले घ्यावीत. गावातून जे शिकून पुण्या-मुंबईला संगणकाच्या नोकरीस लागले आहेत, त्यांना सभासदांनी कळवावे की एक रविवार आपल्या शाळेसाठी द्या. आणि सर्वांत मुख्य म्हणजे २६ जानेवारीला स्वतः या. लेकराने बनवलेला खेळ खेळून बघा, हरा. आजोबा हरले की नातवंडाला जो आनंद होतो, त्यापुढे ढालीची किंमत नाही.

त्या संध्याकाळी टपरीवरून उठताना तात्यांनी विचारले, "मास्तर, ह्या स्पर्धेत आमच्या लेकराला काय मिळंल?" मी म्हणालो, "तात्या, नोकरी मिळेल असं मी सांगत नाही. पण त्याच्या हातातला मोबाईल त्याला खेळवतोय, की तो मोबाईलला, एवढं त्याला कळेल." तात्या काही बोलले नाहीत. काट्यावर त्यांचा नंबर आला होता. ट्रॉली चढायच्या आधी पडद्यावर शून्य आहे ना, ते मात्र त्यांनी वाकून बघितले.

संचालक मंडळाने या सूचनेचा विचार करावा आणि सभासदांनी आपली मते गट कार्यालयात कळवावीत, ही नम्र विनंती.